सात नव्या पैशांतली पाने

माझ्या लहानपणी माजलगावात वर्तमानपत्रांचे गठ्ठे दुपारच्या एसटीच्या टपावरून उतरत. वाचनालयात अंक आला की त्याची पाने सुटी व्हायची. सहा पानांचा अंक म्हणजे तीन पत्री. तिघे एका वेळी वाचत आणि चौथा त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. अंक चार पानी असला तर बघत बसणारे दोघे. वर्तमानपत्राला पाने किती असावीत हा प्रश्न मला तेव्हापासून ठाऊक आहे. याच प्रश्नावरून पुण्याचे एक मराठी दैनिक केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते, हे मात्र पुष्कळ उशिरा कळले.

डावीकडे झुकलेली सरकारे आणि खासगी मालकीची वृत्तपत्रे यांचे जगभर वाजत आले आहे. सरकार म्हणते, छापखाना भांडवलदाराचा, म्हणून मतही त्याचेच छापले जाते. त्याला जनतेचे मत कसे म्हणायचे? वृत्तपत्र म्हणते, मालकी मोडण्याचे नाव पुढे करून तुम्हाला टीका मोडायची आहे. पुष्कळदा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, म्हणूनच हा वाद सुटत नाही. आपल्याकडचे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 'सकाळ'चा खटला.

त्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 साली अहवाल दिला. वृत्तपत्राचा हिशेब इतर धंद्यांपेक्षा वेगळा असतो. अंक विकून त्याचा खर्च निघत नाही. तूट जाहिराती भरून काढतात. ज्याचा खप मोठा त्याला जाहिराती जास्त, जाहिराती जास्त म्हणून तो त्याच किमतीत अधिक पाने देतो, आणि पाने अधिक म्हणून खप आणखी वाढतो. या चक्रात लहान वृत्तपत्र टिकत नाही. म्हणून आयोगाने सुचवले की किमतीला पानांची संख्या बांधून द्यावी. अमुक पैशांत अमुक पाने, त्याहून जास्त नाहीत.

जानेवारी 1955 मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. पुढच्याच वर्षी, 1956 साली, नेहरू सरकारने वृत्तपत्रांच्या किमती आणि पृष्ठसंख्या यांचा कायदा आणला. त्याखालचा प्रत्यक्ष आदेश 1960 साली निघाला. पुरवण्या किती काढायच्या आणि जाहिरातींना किती जागा द्यायची, हेही सरकारच्या हाती आले.

आता 'सकाळ'चा हिशेब पाहू. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी काढलेले हे दैनिक. खटल्याच्या वेळी त्याचा रोजचा खप सुमारे 52 हजार होता. आठवड्यातले पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने, म्हणजे सहा दिवसांत 34 पाने. किंमत सात नवे पैसे. रविवारचा दहा पानी अंक वेगळा, बारा नव्या पैशांचा. नव्या आदेशानुसार सात नव्या पैशांत सहा दिवसांची मिळून 24 पानेच देता येणार होती. चौतीस हवी असतील तर किंमत आठ नवे पैसे करा. एका नव्या पैशाचे काय मोठे, असे आज वाटेल. पण किंमत वाढली की गिऱ्हाईक तुटते आणि पाने कमी केली की बातमी तुटते. दोन्हीकडून वाचकाचाच तोटा.

विरोधाभास असा की कायद्याचा रोख साखळी वृत्तपत्रांच्या बड्या मालकांवर होता आणि न्यायालयात उभे राहिले ते पुण्याचे एक मराठी दैनिक. मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याच्याबरोबर दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या. मला माझ्या वाचनालयातला तो चौथा माणूस आठवतो. पान त्याचेही असते.

25 सप्टेंबर 1961 रोजी निकाल लागला. तो न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. त्यातला तर्क सोपा आहे. घटनेच्या कलम 19 मध्ये धंद्याचे स्वातंत्र्य आणि भाषणाचे स्वातंत्र्य वेगवेगळ्या खणांत ठेवले आहे. सार्वजनिक हितासाठी धंद्यावर वाजवी बंधन घालता येते. भाषणावर बंधन घालण्याची कारणे मात्र घटनेने मोजून दिली आहेत आणि 'सार्वजनिक हित' हे मोघम कारण त्या यादीत नाही. वृत्तपत्र धंदाही आहे आणि भाषणही. पण धंद्याला हात लावण्याच्या निमित्ताने भाषण आखडता येणार नाही. किती मजकूर आणि किती लोकांपर्यंत, हे दोन्ही अभिव्यक्तीतच येते. कायदा घटनाबाह्य ठरला.

वितरण हा अभिव्यक्तीचा भाग आहे, हे तत्त्व कुठून आले? 1950 सालच्या रोमेश थापर खटल्यातून. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात बंदी केली होती. डाव्यांच्या साप्ताहिकाने मिळवलेले संरक्षण अकरा वर्षांनी एका खासगी दैनिकाच्या कामी आले. हक्क असा कोणा एकाच्या गोठ्यात बांधून ठेवता येत नाही.

पुढे इंदिरा गांधींच्या काळात हत्यार बदलले: किमतीऐवजी कागद. वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः आयात होई आणि कोटा सरकार ठरवी. 1972-73 च्या धोरणाने दहा पानांची मर्यादा घातली. बेनेट कोलमन खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने तीही रद्द झाली. एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती मॅथ्यू यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नाना मते कानावर पडणे हा समाजाचाही हक्क आहे. हेच मॅथ्यू पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1982 च्या त्या अहवालाने किंमत-पृष्ठांची कल्पना पुन्हा मांडली. प्रश्न मेला नव्हता.

दरम्यान आणीबाणी येऊन गेली होती. 1976 मध्ये घटनेच्या सरनाम्यात 'समाजवादी' शब्द घातला गेला आणि त्याच साली वृत्त परिषद मोडीत निघाली, चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' उभी राहिली. आमच्या मराठवाड्यात 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते. समाजवादी विचारांच्या 'साधना'लाही सुटका नव्हती. एकदा हातात आलेली कात्री डावे-उजवे पाहत नाही.

बाहेरच्या देशांतही वाद कागदापाशीच येतो. चिलीत आयेंदे सरकारने खासगी कागद कंपनीचे शेअर सरकारी ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा विरोधी वृत्तपत्रांना त्यात फास दिसला. त्यातल्या 'एल मर्क्युरिओ'ला अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा जात होता, हे 1975 मध्ये अमेरिकी सिनेटच्याच समितीने मांडले. म्हणजे भीती खरी होती आणि सरकारचा संशयही खरा होता.

हे सगळे मला परके वाटत नाही, कारण मी स्वतः सात वर्षे माजलगावातून चार पानी साप्ताहिक काढले. कालव्याच्या पाळीबद्दल एक बातमी छापली आणि एका कार्यालयाकडून येणाऱ्या जाहिराती थांबल्या. कोणी मनाई केली नाही, नोटीस आली नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत छापखान्याची उधारी देता येईना, तेव्हा अंक बंद केला. बड्या दैनिकांची पाने कापली असती तर माझे साप्ताहिक जगले असते का? मी हा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला आहे. नसते जगले. मला कमी पडत होती ती जाहिरातींच्या वाटपातली शिस्त, जी बातमी पाहून बदलत नाही.

म्हणून राजाध्यक्षांचे निदान मला आजही बरोबर वाटते आणि सरकारचे औषध चुकीचे. लहानाला टपालात सवलत द्यावी, कागद द्यावा, सरकारी जाहिराती उघड नियमाने द्याव्यात; त्याने कोणाचे पान कमी होत नाही. मोठ्याचे पान कापून ते लहानाला लावता येत नाही. ते फक्त वाचकाच्या हातून जाते.

वाचनालयात आता पाने सुटी करत नाहीत, गर्दीच नसते. जुन्या अंकांच्या फायली मात्र आहेत. पावसाळ्यानंतर मी त्या उन्हात घालतो आणि सवयीने पाने मोजतो.