पन्नास वर्षे एकच वाद्यवृंद

मागे संगीताच्या तासाला सातवीच्या मुलांना पाश्चात्य वाद्यवृंदाची एक चित्रफीत दाखवली. संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, ते मधे उभे असलेले काका काहीच वाजवत नव्हते. मग सगळ्यात आधी टाळ्या त्यांनाच का?" वर्ग हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. नेमकी घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करतो.

त्या काकांना 'कंडक्टर' म्हणतात. बसमधल्या कंडक्टरशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून आपण त्यांना वृंदसंचालक म्हणू. आपल्या मैफलीत गायक, तबलजी आणि पेटीवाले हाताच्या अंतरावर बसतात. नजरेला नजर भिडते, समेवर सगळे एकत्र येतात. सिंफनी वाद्यवृंदात मात्र शंभरेक माणसे असतात. व्हायोलिनवाला पुढे, तर नगाऱ्यासारखी टिंपनी वाजवणारा पार मागे. शिवाय प्रत्येकाच्या समोर फक्त त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले संगीत असते. ट्रॉम्बोनवाला कधी कधी कितीतरी वेळ मात्रा मोजत गप्प बसतो. सगळ्यांचे सगळे संगीत एकाखाली एक मांडलेली वही एकट्या संचालकापुढे असते. लय धरणे, कोणी कधी शिरायचे ते खुणावणे, कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवणे ही त्याची कामे. पण यातले निम्म्याहून अधिक काम आपल्याला दिसतच नाही, कारण ते तालमीत होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रशियातील लेनिनग्राड फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि त्याचे संचालक येवगेनी म्राविन्स्की. 1938 ते 1988 अशी पन्नास वर्षे ते या एकाच वाद्यवृंदाचे प्रमुख होते. (लेनिनग्राडचे नाव 1991 पासून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले आहे.)

म्राविन्स्कींचा जन्म 1903 चा, त्याच शहरातला. तरुणपणी त्यांनी काही काळ जीवशास्त्राचे शिक्षण घेतले, नाट्यगृहात मूक भूमिका केल्या, नृत्यशाळेत पियानोची साथ केली. म्हणजे वाट सरळ नव्हती. त्यांचे नाव झाले ते 1937 साली, तेही एका कठीण प्रसंगात.

दिमित्री शोस्ताकोविच हे त्या वेळचे तिशीतले रचनाकार. 1936 च्या जानेवारीत स्टालिनने त्यांचा एक ऑपेरा पाहिला आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा' या सरकारी वृत्तपत्रात त्यांच्या संगीतावर जहरी लेख आला. त्या काळी अशा लेखाचा अर्थ नुसती टीका असा नव्हता. माणसे रातोरात नाहीशी होत होती. शोस्ताकोविच यांनी आपली चौथी सिंफनी तालमीतूनच मागे घेतली. पाचवी लिहिली, आणि ती वाजवण्याचे काम आले चौतिशीतल्या, फारसे नाव नसलेल्या म्राविन्स्कींकडे. ही रचना पडली असती तर रचनाकाराचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

म्राविन्स्कींनी काय केले? प्रश्न विचारले. या ठिकाणी लय नेमकी किती? हा स्वर असाच का? शोस्ताकोविच यांनी पुढे लिहून ठेवले आहे की या बारीकसारीक उलटतपासणीने आधी ते वैतागले. नंतर मात्र उमगले, की प्रत्येक शंकेचे उत्तर मिळाल्याखेरीज हा माणूस पुढे जाणार नाही, आणि तेच योग्य आहे. 21 नोव्हेंबर 1937 रोजी सिंफनी झाली. श्रोते रडले, आणि टाळ्या अर्धा तास थांबेनात. तेव्हा म्राविन्स्कींनी संगीताची वही दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. टाळ्या कोणासाठी आहेत, हे त्यांना ठाऊक होते!

पुढच्याच वर्षी ते देशव्यापी संचालक-स्पर्धेत पहिले आले आणि फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. शोस्ताकोविच यांच्या सहाव्या, आठव्या, नवव्या, दहाव्या आणि बाराव्या सिंफनीचे पहिले वादनही त्यांनीच केले. आठवी तर त्यांनाच अर्पण केलेली आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. महायुद्धात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला 872 दिवस वेढा घातला. उपासमारीने लाखो लोक मेले. त्या उपाशी शहरात 9 ऑगस्ट 1942 रोजी शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी वाजली, ती मात्र म्राविन्स्कींच्या वाद्यवृंदाने वाजवली नाही. त्यांच्या वादकांना 1941 मध्येच तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सायबेरियातील नोवोसिबिर्स्कला हलवले होते. शहरात ती वाजवली रेडिओच्या वाद्यवृंदाने, कार्ल एलियासबर्ग यांच्या हाताखाली. त्यातले कितीतरी वादक भुकेने दगावले होते. हे श्रेय त्यांचेच.

म्राविन्स्कींच्या तालमी कडक असत. वर्षानुवर्षे वाजवलेली रचनाही ते नव्याने, पहिल्या पानापासून उलगडत. आवाज न चढवता एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून घेत. अशी एक गोष्ट सांगतात, की ब्रुकनर यांच्या सातव्या सिंफनीची तालीम इतकी सुंदर झाली की कार्यक्रमात तसे पुन्हा जमणार नाही म्हणून त्यांनी तो कार्यक्रमच रद्द केला. वादकांना हा धाक सोपा गेला नसेल. पण ग्लिंका यांच्या 'रुस्लान आणि ल्युदमिला' या ऑपेराचा आरंभ ते पाच मिनिटांच्या आत वाजवतात, आणि त्या भन्नाट वेगात व्हायोलिनचा एकही स्वर पुसट होत नाही.

एक डाग मात्र राहिला. 1962 मध्ये शोस्ताकोविच यांच्या तेराव्या सिंफनीतील कवितेवर सरकारची वक्रदृष्टी होती. म्राविन्स्कींनी ती वाजवायला नकार दिला, आणि किरिल कोंद्राशिन यांनी ती मॉस्कोत केली. ते घाबरले असे काहींचे म्हणणे. त्यांना गायनाच्या रचना रुचत नसत असे इतरांचे. शोस्ताकोविच दुखावले हे खरे. पंधरावी सिंफनी म्राविन्स्कींनी 1972 मध्ये लेनिनग्राडला वाजवली, पण ती मॉस्कोत आधीच होऊन गेली होती.

1988 च्या जानेवारीत म्राविन्स्की गेले. त्यानंतर वादकांनी स्वतः मतदान करून युरी तेमिरकानोव यांना निवडले.

आता कानांनी करून पाहण्याजोगी एक गोष्ट. म्राविन्स्की व्हायोलिनचे दोन गट समोरासमोर बसवत, एक डावीकडे, एक उजवीकडे. चायकोव्स्की यांच्या सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाची पहिली धून यांतला कोणताच गट पूर्ण वाजवत नाही. एक स्वर इकडे, पुढचा तिकडे. धून जुळते ती ऐकणाऱ्याच्या कानात. 1960 साली व्हिएन्नात केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण संगीतकक्षातील संगणकावर ठेवले आहे. शनिवारी मधल्या सुट्टीत या. हेडफोन दोनच आहेत, तेव्हा रांगेने ऐका. आणि दोन्ही कानांना लावा, एक मित्राला देऊ नका.