बेस कुठे ठेवायचा?

हळद असो, संगीत असो की सोसायटीचा एकतीस डिसेंबर, छोट्या हॉलमधली साउंडची मांडणी ठरलेली असते. मधोमध डीजेचं टेबल, दोन्ही अंगांना एकेक अठरा इंची बेस आणि त्यांच्यावर टॉप. फोटोत ती झकास येते. पण नाचणारे मधल्या पट्ट्यात घामाघूम होत असताना चार पावलं बाजूला उभे असलेले काका विचारतात, ‘अरे, बेस लावलाय ना?’ साउंडवाला नॉब आणखी फिरवतो. मधल्यांच्या छातीत धडधड वाढते, काका होते तिथेच.

नॉब फिरवून हे सुटत नाही, कारण दुखणं आवाजाच्या लाटांच्या लांबीत आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. किकचा ठोका 60 हर्ट्झचा धरला, तर त्याची एक लाट पावणेसहा मीटर लांब भरते. दोन बेस एकमेकांपासून आठ मीटरवर आहेत आणि तुम्ही त्यांच्यासमोर पाच मीटरवर, बरोबर मध्यावर उभे आहात असं समजा. दोघांचा आवाज एकाच वेळी पोचतो, बेरीज होते. आता अडीच मीटर डावीकडे सरका. डावा बेस सव्वापाच मीटरवर आला, उजवा गेला सव्वाआठवर. फरक तीन मीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्धी लाट. एक बेस हवा दाबतोय तेव्हाच दुसरा ती ओढतोय, आणि ठोका हवेतच विरतो. लांबचा आवाज जरा क्षीण असतो आणि भिंतीही थोडंफार परत पाठवतात, म्हणून बेस पार नाहीसा होत नाही. पण खड्डा सहज जाणवतो. त्यातही 45 हर्ट्झचा खड्डा वेगळ्या जागी पडतो आणि 80 चा आणखी कुठेतरी. त्यामुळे एकाच गाण्यातला एक सूर घुमतो, दुसरा गायब. इक्वलायझर इथे कुचकामी. तो दोन्ही बॉक्सचा आवाज सारखाच वाढवतो, खड्डा तिथेच राहतो.

उपाय फुकटचा आहे. टॉप दोन्ही बाजूंनाच, पण स्टँडवर ठेवा आणि दोन्ही बेस उचलून मधोमध, एकमेकांना चिकटवून ठेवा. जवळजवळ ठेवलेले दोन बॉक्स एकाच मोठ्या बॉक्ससारखे वागतात आणि एकट्या बेसपेक्षा हॉलभर सुमारे सहा डेसिबल जास्त देतात. लांब ठेवले की तेवढी भर फक्त मधल्या पट्ट्याला मिळते. स्टीरिओ बिघडेल ही भीतीही नको. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही. डीजेच्या टेबलाखाली बेस शोभत नाहीत, ही डेकोरेटरची तक्रार मात्र खरी आहे. काळं कापड लावा आणि पुढे चला.

दुसरा घोळ मागच्या भिंतीचा. वायरी नीट जाव्यात म्हणून बॉक्स भिंतीपासून थोडे पुढे ओढले जातात. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दीड मीटरवर आलं, तर भिंतीवर आपटून परतलेली लाट तीन मीटरचा फेरा करून येते आणि 57 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाते. नेमका किकचा जीव तिथेच. बॉक्स भिंतीला टेकवला की तोंड उरतं पाऊण मीटरवर, आणि तो खड्डा 115 हर्ट्झकडे सरकतो. क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉप यांच्यातली सीमा, 90-100 ला ठेवला असेल तर खड्डा बेसच्या हद्दीबाहेरच पडतो. कोपरा आणखी जोर देतो, पण तिथून हॉलचे स्वतःचे घुमारे जास्तीत जास्त जागे होतात. एकच बेस असेल आणि हॉल मोठा, तरच कोपऱ्याकडे वळावं. आणि पोकळ प्लायवूडच्या स्टेजवर तर नकोच. बेस जमिनीवर.

मग टॉपशी जुळणी. क्रॉसओव्हरजवळचा सूर वाजवून बेसची पोलॅरिटी उलटसुलट करून बघावी. जिथे आवाज भरीव लागतो ती ठेवावी. पाहुणे यायच्या आधी बेसलाइन लूपवर टाकून सगळा हॉल पायी फिरून यावा, विशेषतः जेवणाच्या बाजूने. टेबलामागे उभं राहून केलेलं साउंडचेक फक्त डीजेपुरतं असतं.

आवाज मागे जाऊ नये म्हणून दोन बेस पुढे-मागे ठेवून, मागच्याची पोलॅरिटी उलटी करून आणि त्याला मोजून डिले देऊन कार्डिऑइड करता येतं. पण छोट्या खोलीत भिंती त्यातला बराच फायदा गिळतात. दोनच बॉक्स असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही.

राहिले शेजारी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि ती ‘ए’ भारांकनाने मोजतात. हे भारांकन 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबलनी कमी धरतं. म्हणजे मीटर गप्प असतानाही वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीची तावदानं थरथरू शकतात. तेव्हा हॉल फिरून झाला की एकदा जिना चढून वरही ऐकून या, आणि बुकिंग करताना साउंडवाल्याला वॉट विचारण्याआधी बेस कुठे ठेवणार ते विचारा.