भोसरीकरांच्या टेबलापासून लांब

बंगळूरच्या इमटेक्सला गेलं की भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचे निम्मे शेजारी तिथेच भेटतात. तुमकूर रस्त्यावरच्या त्या अवाढव्य प्रदर्शनात मशिनं बघून पाय दुखायला लागले, की फोनाफोनी होते आणि सगळे एका टेबलापाशी जमतात. विषयही तेच: थकलेली बिलं आणि न टिकणारे कामगार. मी मात्र तिथे बसत नाही. ही मंडळी मला एरवीही गल्लीत भेटतात.

काहींना हा शिष्टपणा वाटतो. पण छोट्या वर्कशॉपला नवी कामं हवी असतील तर दुसरा इलाज नाही, असं माझं ठाम मत आहे. रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच दाखवून दिलं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारा होता असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. निम्म्याहून जास्त लोकांना तो अधूनमधूनच भेटत होता, आणि २८ टक्क्यांना वर्षातून एकदा किंवा तेवढाही नाही.

तरीही आपण ओळखीच्याच घोळक्यात शिरतो. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी कोलंबिया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी एका मेळाव्यात पाहुण्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी बोलतं ते टिपलं. नव्या ओळखी करायच्या म्हणून आलेल्या त्या लोकांनी बराचसा वेळ जुन्या ओळखीच्यांतच घालवला.

अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची? मी पर्समध्ये आमचा एक जॉब ठेवते. स्टेनलेसचा, अंगठ्याएवढा, आत बारीक आटे असलेला. टेबलावर ठेवला की समोरचा माणूस तो उचलतोच. आधी उजेडाकडे धरून आतून बघतो, मग कडेवर नख फिरवून बर राहिलाय का ते तपासतो, आणि विचारतो, "हे कशावर केलंत?" तिथून पुढे बोलणं आपसूक चालतं. मग मीही विचारते, "तुमच्याकडे सध्या काय अडलंय?"

एकदा जेवताना राजकोटचे एक गृहस्थ म्हणाले, सोमवारी मशीन चालू केलं की कूलंटचा वास सहन होत नाही. हे दुखणं आम्ही भोगलेलं होतं. सुट्टीत कूलंट एका जागी थांबतं, मशीनचं तेल वर तरंगून त्याला हवा लागू देत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू फोफावतात. शनिवारी वरचं तेल काढून घ्या आणि सुट्टीतही थोडा वेळ पंप चालवून कूलंट फिरतं ठेवा, एवढंच मी सांगितलं. वास कमी झाला तसा त्यांचा फोन आला. पुढे त्यांच्याच ओळखीने आम्हाला पंपाच्या शाफ्टचं काम मिळालं. मी त्यांच्याकडे काम मागितलं नव्हतं. पहिल्याच भेटीत रेट आणि ऑर्डर काढली की समोरचा आखडतं घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

स्टॉलवर बिल्ला स्कॅन झाला म्हणजे ओळख झाली, असं मी धरत नाही. माणूस उठून गेला की त्याच्या कार्डामागे काय बोलणं झालं ते लिहायचं, आणि कबूल केलेली गोष्ट, मग तो साधा एखाद्या सप्लायरचा नंबर का असेना, दोन दिवसांत पाठवायची. 'भेटून आनंद झाला' या मेसेजला कोणी उत्तर देत नाही. नंबर पाठवला की देतात.

आता मी आमच्या सेटरलाही सोबत नेते. प्रदर्शनाला मालकाने आणि मार्केटिंगवाल्याने जायचं, ही रीत मला पटत नाही. मशीनपाशी उभा राहणारा माणूस दुसऱ्या मशीनवाल्याला जे विचारतो ते मला सुचतही नाही. मागच्या खेपेला तो कोइमतूरच्या एका सेटरशी मोडक्या हिंदीत तासभर इन्सर्टबद्दल बोलत होता. ते दोघं अजून व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना घासलेल्या टूलचे फोटो पाठवतात.