साफसफाईनंतर संगणक सुरू होत नाही?

दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत घराबरोबर संगणकाचीही धूळ झटकली जाते. कॅबिनेट उघडून, पुसून, सगळे पुन्हा जोडून बटण दाबावे, तर ना दिवा लागतो, ना पंखा फिरतो. मग 'गेला बहुतेक' असा शेरा बसतो आणि शाळेत नव्या संगणकाची मागणी विश्वस्तांपुढे जाते. विद्यार्थी मित्रहो, इतकी घाई नको. कालपर्यंत चालणारा संगणक कोरड्या फडक्याने आणि ब्रशने सहसा बिघडत नाही. पुसताना काहीतरी हललेले किंवा सुटलेले असते. ते बाहेरून आत, क्रमाने शोधू या. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, म्हणजे दोष नेमका कुठे होता ते कळते.

१. वीज येते का? त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. संगणकाची वायर मागे घट्ट बसवा. एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर, मागे एक खटका असतो. पुसताना तो हमखास बंद होतो. रेघेची बाजू दाबलेली हवी, शून्याची नव्हे. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० अशी सरकपट्टी असते. ती २३० वरच हवी. ११५ वर असताना आपल्याकडची वीज दिली, तर एसएमपीएस जळतो.

२. उरलेली वीज काढा. प्लग काढून पुढचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मग प्लग लावून पुन्हा प्रयत्न करा. ओले फडके वापरले असेल, तर मात्र आधी संगणक पूर्ण वाळू द्या.

३. आता आत पाहा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि प्लग काढूनच करावे. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते. मदरबोर्डवरचा २४ पिनांचा रुंद जोड आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा जोड दाबून बसवा. मग पुढच्या बटणाकडून येणारी बारीक तार पाहा. ब्रशमध्ये अडकून ती सहज निघते, आणि मग बटण कितीही दाबले तरी निरोप मदरबोर्डपर्यंत पोहोचत नाही.

४. पंखा फिरतो, पण पडदा काळाच? मॉनिटरची केबल पाहा. मग रॅमची पट्टी काढून, सोनेरी कडेला बोट न लावता, 'टक्' असा आवाज होईपर्यंत परत बसवा. संगणक सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा जागेवर आहे का, मदरबोर्डखाली एखादा स्क्रू पडला आहे का, हे तपासा.

एवढे करूनही काही हालचाल नसेल, तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. जाणकाराकडून त्याच क्षमतेचा चालू एसएमपीएस लावून पाहावा. पण एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नये! प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब उरलेला असू शकतो. तो जिवावर बेतू शकतो.

पुढच्या वेळी तारा सोडवण्याआधी मोबाईलवर एक छायाचित्र घेऊन ठेवा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नका. त्याने स्थिर विद्युत निर्माण होते.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की कोणताही संगणक निकालात काढण्यापूर्वी ही तपासणी झाली का, हे जरूर विचारावे. सुटलेली एक तार जागेवर बसली, तर प्रात्यक्षिकाच्या तासाला एका संगणकापुढे तिघांऐवजी दोघेच बसतील.