घरासाठी वायर किती जाडीची हवी?

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि नांदेड, लातूरच्या घरोघरी कूलर, एसी व बोअरचे पंप एकाच वेळी सुरू होतात. मात्र अनेक जुन्या घरांतील वायरिंग केवळ दिवे आणि पंखे गृहीत धरून केलेले असते. वाढीव भार त्याच वायरवर पडला, की ती तापते, तिचे आवरण कडक होऊन तडकते आणि शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो.

वायर निवडताना प्रथम उपकरण किती प्रवाह घेते, हे पाहावे. वॅटच्या आकड्याला २३० व्होल्टने भागले, की अँपिअर मिळतात. २,००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. तांब्याची वायर वापरताना दिवे व पंख्यांसाठी १.५, मोठ्या प्लगसाठी २.५, तर एसी व गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटर, असे साधारण प्रमाण पाळले जाते. मीटरपासूनची मुख्य वायर एकूण भारानुसार ठरते.

उष्णतेचा विचारही आवश्यक आहे. साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. उन्हाने तापलेल्या स्लॅबमधील एकाच पाइपात अनेक वायरी कोंबल्यास उष्णता बाहेर पडत नाही. अशा ठिकाणी एक माप जाड वायर घेणे हिताचे ठरते.

अंतर वाढले, की व्होल्टेज घटते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये बोअरचा पंप हा अनेक घरांचा आधार आहे. बोर्डापासून मोटारीपर्यंत केबल ८० मीटर आणि प्रवाह १० अँपिअर असेल, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे २० व्होल्ट खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ८ व्होल्ट. मुळातच व्होल्टेज कमी असताना ही घट मोटार जळण्यास कारणीभूत ठरू शकते.

एमसीबी वारंवार पडू लागला, की मोठ्या क्षमतेचा बसविण्याची प्रथा घातक आहे. एमसीबी प्रामुख्याने वायरच्या रक्षणासाठी असतो. त्याची क्षमता वायरच्या क्षमतेहून अधिक असता कामा नये. नवा एसी घेण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून वायरिंग व अर्थिंग तपासून घेणे आणि आयएसआय चिन्हांकित वायरच वापरणे श्रेयस्कर. भिंतीत गाडलेली वायर पुन्हा बदलण्यापेक्षा सुरुवातीलाच योग्य जाडीची घेणे केव्हाही स्वस्त पडते.