विहीर निकालाने निवळत नाही



ऊस पाण्यावर, आणि पाणी विहिरीवर. ती विहीरच नासली तर काय होते, हे राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडी गावाने भोगले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रंगासाठी लागणारे एच-ॲसिड तयार झाले. त्याचा विषारी गाळ कारखान्यांनी उघड्यावर टाकला. पावसाबरोबर विष जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. ते ना माणसाच्या कामाचे राहिले, ना गुरांच्या, ना पिकाच्या.

१९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने पाहणी केली. १९९६ च्या फेब्रुवारीत निकाल लागला : ज्याने घाण केली त्यानेच खर्च सोसून ती निस्तरावी. तरी पैसा सुटेना, अर्जांवर अर्ज झाले. अखेर २०११ मध्ये सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये, वर चक्रवाढ व्याज, भरण्याचा हुकूम झाला. दावा जिंकला, पण बावीस वर्षे गेली.

तेव्हा वेळीच जागे राहावे. पाण्याचा रंग-वास बदलला, की पंप थोडा वेळ चालवून, त्याच पाण्याने बाटली विसळून नमुना घ्यावा. वर गट नंबर व तारीख लिहावी. तपासणीचा कागद जपून ठेवावा. कोर्टात तोंडी तक्रारीपेक्षा तोच बोलतो. आणि सांडपाणी साखर कारखान्याचे वा आसवनीचे असले, तरी "आपलाच कारखाना" म्हणून गप्प बसू नये. मालक आपण आहोत, म्हणून तर आधी आपणच विचारायचे.