खुर्चीची पाठ

कामानिमित्त गावोगाव हिंडताना माझा एक अनुभव ठरलेला आहे. कुणाच्याही पडवीत पाऊल टाकले की घरातली एकुलती एक खुर्ची ‘साहेबांसाठी’ बाहेर येते. मान मोठा, पण दहा मिनिटांत पाठ कुरकुरू लागते. मागची पट्टी नेमकी बरगडीत रुतते. कंबरदुखी जडल्यापासून मी सरळ बाजेवरच बसतो. खुर्ची करताना बसणाऱ्याचा विचार कसा करतात, या कुतूहलापोटी डेन्मार्कच्या एका कारागिराची माहिती वाचली, ती सांगतो.

हान्स वेग्नर यांचा जन्म १९१४ सालचा. वडील जोडे बनवीत. हान्स चौदाव्या वर्षी सुताराच्या हाताखाली गेले आणि रंधा, पटाशी हाताला बसल्यावर मग कोपनहेगनच्या शाळेत आराखडे काढायला शिकले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे त्यांनी पाचशेवर खुर्च्या आखल्या. म्हणजे पाचशे नवीन कल्पना नव्हेत हो! १९४४ साली जुन्या चिनी खुर्चीवरून त्यांनी एक खुर्ची केली, आणि मग तीच कल्पना घोटत राहिले. आधी कागदावर, मग लहानसा नमुना, मग खरी खुर्ची. प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकायचे. शेवटी चार पाय, एक बैठक, आणि पाठ व हात मिळून एकच वळणदार कठडा, एवढेच उरले.

ही खुर्ची १९४९ सालची. कठड्याचे तुकडे जोडलेले सांधे मनासारखे दिसेनात, म्हणून आधी त्यांवर वेत गुंडाळला. पण झाकलेले काम त्यांना सलत असावे. पुढे त्यांनी करवतीच्या दातांसारखे एकमेकांत बसणारे सांधे केले आणि ते उघडे ठेवले. आता तेच सांधे त्या खुर्चीची ओळख आहेत. १९६० साली अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांचा दूरदर्शनवर वाद झाला, तेव्हा दोघांना बसायला हीच खुर्ची होती.

१९४९ सालीच आखलेली दुसरी खुर्ची तर आपल्याला ओळखीची वाटेल. तिच्या पाठीला बेचकीसारखा आधार आहे. वरचा कठडा वाफ देऊन वाकवतात. अर्धगोल असल्यामुळे माणूस कुशीवर वळून बसला तरी हाताला टेकू मिळतो. बैठक आपल्या बाजेसारखी विणलेली, मात्र सुंभाऐवजी पिळलेल्या कागदाच्या दोरीने. एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. कागदाची दोरी टिकते का, अशी शंका मलाही आली होती. पण १९५० पासून ती खुर्ची अखंड बनते आहे. वेग्नर २००७ साली वारले, तरी.

तिच्या किमतीत दाराशी एखादी दुभती गाय येईल, तेव्हा विकत घ्या असे मी म्हणणार नाही. पण सुताराला नवी खुर्ची सांगाल, तेव्हा पाठीची पट्टी ठोकण्याआधी आजोबांना तीवर बसवा. टाचा जमिनीला टेकतात का आणि पट्टी पाठीला कुठे लागते, ते त्यांनाच विचारा, आणि मग खिळा मारू द्या.